केंद्रातले शिक्षक एकत्र बसतील काय?

जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेतील गुरुजी बहुधा एकटेच असतात. सहकारी रजेवर गेला की चार इयत्ता, पोषण आहाराचा हिशेब आणि वरून तातडीने मागविलेली माहिती, सारे एकाच्या माथी. तिसरीतील मुलाला हातच्याची वजाबाकी का उमगत नाही, हे त्याने विचारावे कोणाला?

या एकाकीपणावर उपाय योजला गेला नाही असे नाही. १९९४ साली महाराष्ट्राने साधारण दहा शाळांचे एक केंद्र आणि त्यास एक केंद्रप्रमुख अशी व्यवस्था उभी केली. पुढे तिला शिक्षण परिषदेची जोड मिळाली. १९६६ साली अहवाल देणाऱ्या कोठारी आयोगाने शाळासंकुलाची शिफारस केलीच होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला ती पुन्हा करावी लागली, यातच सर्व आले. केंद्रप्रमुखांची अनेक पदे दीर्घकाळ रिक्त राहिली आणि परिषदेत उरले ते परिपत्रकांचे वाचन, तक्ते, सह्या व चहा.

साताऱ्याजवळील कुमठे बीटने मात्र वेगळी वाट धरली. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्यासह तेथील शिक्षकांनी मूल शिकते कसे, याचा एकत्रित अभ्यास केला, साहित्य स्वतः बनविले आणि वर्गात पडताळून पाहिले. राज्यभरातील शिक्षक ते पाहावयास आले. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमावरही त्याची छाप पडली. पुढे अनेक शाळांत फरशीवरील रंगीत रेखाटने तेवढी पोहोचली, एकत्र बसण्याची सवय वाटेतच राहिली. रंग आदेशाने लावता येतो!

जपानमध्ये शंभराहून अधिक वर्षे शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात. एकजण तो शिकवितो, इतर मुलांचे निरीक्षण करतात आणि नंतर चर्चा होते ती पाठाची, शिकविणाऱ्याची नव्हे. आपल्याकडे खरी अडचण इथेच आहे. वर्गात दुसरा कोणी येऊन बसला की आपल्या शिक्षकाला ती तपासणी वाटते, आणि आजवरचा अनुभव पाहता त्यात त्याची चूक नाही.

तेव्हा पुढील परिषदेत परिपत्रके भ्रमणध्वनीवर धाडावीत आणि प्रत्येकाने तिसरीच्या वजाबाकीच्या, चुकलेल्या उत्तरांच्या पाच वह्या सोबत आणाव्यात. केंद्रप्रमुखांनीही आपली वही घेऊन त्यांच्यातच बसावे. त्या दिवसाचा अहवाल मात्र कोणी मागू नये.