रस्त्यावरचा तोतया, फोनवरचा तोतया

सकाळी देवदर्शनाला निघालेल्या आजींना साध्या वेशातले दोघे अडवतात. ‘आजी, पुढं खून झालाय, तपासणी चालू आहे. एवढं सोनं घालून कुठं निघालात? काढा, रुमालात बांधून देतो.’ तेवढ्यात एक वाटसरू येतो आणि निमूटपणे गळ्यातली चेन काढून देतो. तो त्यांचाच माणूस. ते पाहून आजीही पाटल्या उतरवतात. पुडी घट्ट बांधून परत मिळते, घरी जाऊन सोडली की आत खडे.

सुरा नाही, कुलूपतोड नाही. पोलिसाचा धाक आणि घाई, एवढ्यावर काम भागतं. सणासुदीला दागिने कपाटाबाहेर येतात, तेव्हा तर बघायलाच नको.

‘डिजिटल अरेस्ट’ हा याच तोतयाचा पुढचा अवतार. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला साहेब, मागे पोलीस ठाण्याचा देखावा, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडल्याची बतावणी. आणि मुख्य अट : दार लावून बसा, घरच्यांना कळता कामा नये. अशी अटक कायद्यात नाहीच, हे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४च्या ‘मन की बात’मध्ये सांगितलं. तरीही निवृत्त अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक फसतात. जन्मात पोलीस ठाण्याची पायरी न चढलेला माणूसच जास्त घाबरतो. पैसे गेल्यावर सायबर हेल्पलाइनच्या १९३० या क्रमांकावर लगेच कळवलं, तर रक्कम पुढच्या खात्यांत पसरण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. पण ‘एवढं शिकून फसलात कसे?’ हे ऐकावं लागेल, या धास्तीनं लोक गप्प बसतात आणि मोलाचे तास जातात. या विलंबाला घरची माणसंही जबाबदार असतात, हे कुणी बोलत नाही.

सावधपणाचाही अतिरेक होतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठार मारलं. ते भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. मोबाइलवर फिरणाऱ्या अफवांना धनी नव्हता. संशय आला तर पोलिसांना बोलवायला ११२ हा क्रमांक आहे. माणसाला कोंडून त्याची झडती घेणं हे गावाचं काम नाही.

राज्यातल्या अनेक गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा चालते. एकानं टोल फ्री क्रमांकावर फोन केला की त्याच्याच आवाजातला निरोप गावभरच्या मोबाइलवर वाजतो. चोर शिरला, आग लागली, बिबट्या दिसला, जे असेल ते. बोलणारा कोण, हे आवाजावरून गावाला कळतं. शहरातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर मात्र ‘फॉरवर्डेड’ची रास पडते, आणि शेजारच्या बंद फ्लॅटच्या दाराशी साचलेली वर्तमानपत्रं कुणी उचलत नाही.