लाजाळूची कट्टी

पावसाळ्यात कोकणात बांधावर, मैदानाच्या कडेला लाजाळू दिसते. बोट लावलं की पानं मिटलीच! पानांच्या बुडाशी बारीक फुगवटे असतात. स्पर्श होताच तिथल्या काही पेशींमधलं पाणी बाहेर जातं आणि पानं मिटतात. काही मिनिटांनी पाणी परत भरतं, पानं उघडतात. पुन्हा शिवलात तर पुन्हा मिटतील, पुन्हा उघडतील.

समजा, लाजाळूने मिटूनच राहायचं ठरवलं तर? बोट लावणाऱ्याचं काही बिघडणार नाही. मिटलेल्या पानांना ऊन कमी मिळेल आणि उपाशी राहील ती लाजाळूच. आपल्या कट्टीचंही असंच असतं, नाही का?

मत्तयाच्या शुभवर्तमानात, १८ व्या अध्यायात, पेत्र येशूला विचारतो, भावाने अपराध केला तर किती वेळा क्षमा करायची? सात वेळा पुरे का? येशू सांगतो, सात नव्हे, साताच्या सत्तर पट! गुणाकार केलात तर ४९० येतात. पण खरा अर्थ असा, की क्षमेची हिशेबाची वही ठेवायचीच नाही.

आता लाजाळूचं खोड नीट बघा. पानं उघडली तरी त्यावरचे काटे तसेच असतात. क्षमा म्हणजे मुकाट्याने मार खाणं नव्हे. कुणी रोज त्रास देत असेल तर आई-बाबांना, बाईंना जरूर सांगा. मनात राग मात्र साठवू नका.

मग, तुमची कुणाशी कट्टी आहे? उद्या मधल्या सुट्टीत डबा त्याच्यापुढे करून पाहा बरं!