शाळेतील सण आणि मुलांचा प्रश्न

पवना नदीकाठचे पिंपळे गुरव हे एकेकाळी शेतीवर जगणारे गाव. पिंपरी-चिंचवडची कारखानदारी वाढली तसे ते मराठवाडा, विदर्भ, केरळ, तामिळनाडू, बिहार अशा अनेक ठिकाणांहून आलेल्या कुटुंबांचे घर झाले. आज येथील शाळांत पोंगल, ओणम, ईद, छठपूजा आणि नाताळ साजरे करणारी मुले एकमेकांच्या शेजारी बसतात. पलीकडे चाकण-तळेगाव पट्ट्यात जर्मन व कोरियन कंपन्यांचे कारखाने आहेत. त्यामुळे 'जगातील सण' हा धडा आपल्या मुलांसाठी केवळ दूरदेशीचा राहिलेला नाही.

मात्र हा धडा शिकवणे पूर्वीइतके सोपे नाही. जुलै 2023 मध्ये तळेगाव दाभाडे परिसरातील एका शाळेत, सकाळची प्रार्थना ख्रिस्ती असल्याचा आक्षेप व अन्य तक्रारींवरून जमाव शिरला आणि प्राचार्यांना मारहाण झाली. एप्रिल 2024 मध्ये भारतीय कॅथोलिक बिशप परिषदेने आपल्या शाळांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. अन्यधर्मीय विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत, सर्व धर्मांचा आदर राखावा आणि दररोज संविधानाची उद्देशिका म्हणावी, असे त्यांत सांगितले आहे.

अशा वातावरणात एखाद्या शाळेला वाटू शकते की सणांचा विषयच नको. हा मार्ग सुरक्षित भासतो. परंतु त्यात मुलांचे नुकसान आहे. शाळेने मौन पाळले तर शेजाऱ्याच्या सणाविषयीची माहिती मुले ऐकीव गोष्टींतून आणि मोबाईलवरील द्वेषपूर्ण संदेशांतून मिळवतील.

येथे एक भेद स्पष्ट असावा. सणाविषयी शिकणे वेगळे आणि उपासनेत सहभागी होणे वेगळे. संविधानाच्या 28व्या अनुच्छेदानुसार, शासनमान्य वा अनुदानित शाळेत कोणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घेण्यास भाग पाडता येत नाही. विद्यार्थी अल्पवयीन असल्यास पालकांची संमती लागते. ही तरतूद अन्यधर्मीय मुलांचे जसे रक्षण करते, तसेच आपल्या मुलांचेही करते. गव्हाणीची कथा ऐकणारे मूल त्यामुळे ख्रिस्ती होत नाही आणि रमजानच्या उपवासाचा अर्थ समजून घेणाऱ्या मुलाची ख्रिस्तश्रद्धा उणावत नाही.

पवित्र शास्त्रात सण आणि मुलांचा प्रश्न यांचे नाते जुने आहे. निर्गम ग्रंथात वल्हांडणाचा विधी सांगताना, मुले या विधीचा अर्थ विचारतील तेव्हा त्यांना काय उत्तर द्यावे, हेही आईवडिलांना सांगून ठेवले आहे. बारा वर्षांचा येशू वल्हांडणासाठीच यरुशलेमेस गेला होता आणि तेथे मंदिरात गुरुजनांचे ऐकत, त्यांना प्रश्न विचारत बसला होता. सणाचे शिक्षण म्हणजे मुलाच्या 'का?' या प्रश्नाला दिलेले प्रामाणिक उत्तर होय.

दुर्दैवाने अनेकदा हे शिक्षण वेशभूषा, नाच आणि छायाचित्रे यांवरच संपते. त्याऐवजी एखाद्या वर्गाने नव्या पिकाचा सण निवडून पाहावा. पोंगलला नवा तांदूळ भांड्यातून उतू जाऊ देतात आणि सूर्याचे आभार मानतात. ओणमला महाबळी राजाचे स्वागत होते. कोरियातील चुसॉक सणात नव्या तांदळाचे पदार्थ करून पूर्वजांचे स्मरण करतात. मंगळुरी कॅथोलिक 8 सप्टेंबरला पवित्र मरियेच्या जन्मोत्सवी नवे धान्य आशीर्वादित करून घेतात, तर मुंबई-वसईकडील ईस्ट इंडियन समाज ऑक्टोबरमध्ये आगेरा साजरा करतो. कृतज्ञता सर्वत्र आहे. पण ती कोणाला व कशी अर्पण करावी, याबाबत प्रत्येकाची श्रद्धा वेगळी आहे. मुलांना या दोन्ही गोष्टी सांगाव्यात. 'सगळे सण एकच' असे म्हणून भेद पुसून टाकणे हाही एक प्रकारचा अनादरच आहे.

ख्रिस्तसभेची भूमिकाही हीच आहे. 28 ऑक्टोबर 1965 रोजी द्वितीय व्हॅटिकन महासभेने 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्राद्वारे, अन्य धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे जाहीर केले. आणि त्याचबरोबर ख्रिस्ताची घोषणा करण्याचे आपले कर्तव्यही सांगितले. व्हॅटिकनकडून दरवर्षी हिंदू बांधवांना दिवाळीच्या, मुस्लिम बांधवांना रमजान-ईदच्या आणि बौद्ध बांधवांना बुद्धपौर्णिमेच्या शुभेच्छा पाठविल्या जातात.

व्यवहारात काही गोष्टी सहज करता येतील. कार्यक्रमाचा हेतू पालकांना आधी लेखी कळवावा. त्या त्या समाजातील आई, आजी किंवा आजोबांना वर्गात बोलवावे. पुस्तकापेक्षा त्यांचे बोल मुलांना अधिक लक्षात राहतील. नाताळला जेवढा वेळ दिला जातो, तेवढाच इतर सणांनाही मिळावा.

आणखी एक जबाबदारी आपल्या घरांची आहे. आगमनकाळात आपण तारे टांगतो, करंज्या तळतो. पण वर्गमैत्रिणीने 'तुम्ही नाताळ का साजरा करता?' असे विचारले, तर आपल्या मुलीला दोन वाक्यांत उत्तर देता येते का? स्वतःच्या सणाचा अर्थ ज्याला ठाऊक असतो, त्याला दुसऱ्याच्या सणाची भीती वाटत नाही. ही तयारी शाळेवर न सोपविता आपण घरच्या जेवणाच्या वेळी व धर्मशिक्षणाच्या वर्गात करू या. मग पिंपळे गुरवच्या बाकावर शेजारी बसलेला मित्र आपल्या मुलांना परका वाटणार नाही.