विश्लेषण : जुना मराठी मजकूर वाचवणारा मॅक्रो वर्ड का अडवतं?

पुण्यातल्या एखाद्या छापखान्यात वीस वर्षांपूर्वी टाइप केलेली फाइल आज नव्या संगणकावर उघडली, तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसू शकते. फाइल बिघडलेली नसते, संगणकावर तो फॉन्ट नसतो. ‘श्री-लिपी’ पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची, तर ‘योगेश’, ‘सुरेख’ हे फॉन्ट पुण्यातच मुख्यालय असलेल्या सी-डॅकचे. त्या काळी मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवली जात.

हा मजकूर युनिकोडमध्ये आणायचा एक स्वस्त मार्ग म्हणजे मॅक्रो, म्हणजेच वर्डकडून तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणारा छोटा प्रोग्रॅम. नुसतं ‘शोधा आणि बदला’ इथे पुरत नाही. ‘कि’ लिहिताना जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी आधी साठवली जाते आणि ‘क’ नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलट. ‘सूर्य’मधला रफार तर उचलून ‘य’च्या आधी न्यावा लागतो. शिवाय प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी. त्यामुळे स्वतः मॅक्रो लिहिण्यापेक्षा कुणाचा तरी तयार मॅक्रो शोधणं सोपं वाटतं.

मग अडतं कुठे?

इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपोआप रोखायला सुरुवात केली. तक्रारी आल्यावर जुलैमध्ये निर्णय थांबवला आणि त्याच महिन्यात पुन्हा लागू केला. भीती खोटी नव्हती. मार्च १९९९ मध्ये ‘मेलिसा’ व्हायरस वर्डच्या मॅक्रोतूनच पसरला होता. तो आउटलुकमधल्या पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःला पाठवायचा.

‘प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉक करा’ हा सल्ला सर्रास मिळतो. अनोळखी फाइलसाठी तो वाईटच. त्यापेक्षा मॅक्रो ‘डॉट बॅस’ फाइल म्हणून मागावा. ती साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्ये वाचता येते. आत ‘शेल’, ‘ऑटोओपन’ किंवा एखाद्या वेबसाइटचा पत्ता दिसला तर ती वापरू नये. अक्षरं बदलायला यातलं काहीच लागत नाही. काही खटकलं नाही, तर वर्डमध्ये ऑल्ट आणि एफ११ दाबून ‘फाइल’ मेन्यूतल्या ‘इम्पोर्ट फाइल’ने ती आत घेता येते. ‘नॉर्मल’ टेम्प्लेटमध्ये ठेवली, तर मॅक्रो त्या संगणकावरच्या प्रत्येक फाइलसाठी ऑल्ट आणि एफ८च्या यादीत सापडतो.

मूळ फाइलची प्रत मात्र आधी काढून ठेवावी. फॉन्ट न तपासता सरसकट बदल करणारा मॅक्रो मजकुरातल्या खऱ्याखुऱ्या इंग्रजी नावांनाही मराठी अक्षरं लावून टाकतो.