कर्जाची वही

एप्रिलमध्ये आमच्या शाळेत बाबासाहेबांच्या जयंतीची तयारी चालू होती. आठवीच्या मुलांना मी त्यांच्या परदेशातल्या शिक्षणाबद्दल सांगत होते. 1913 साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले, कोलंबिया विद्यापीठात शिकले, महिन्याला साडेअकरा पौंड मिळायचे. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. "मॅडम, दुसऱ्यांदा गेले तेव्हा पैसे कुणी दिले?"

प्रश्न चांगला होता. उत्तर मला ठाऊक होतं, पण ते मी वर्गात सहसा सांगत नसे. त्या दिवशी सांगितलं.

न्यूयॉर्कला पोचल्यावर बाबासाहेब काही दिवस इकडे-तिकडे राहिले आणि शेवटी लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात आले. तिथे नवल भथेना नावाचा एक पारशी विद्यार्थी त्यांच्यासोबत होता. ही मैत्री आयुष्यभर टिकली. पुढे शिष्यवृत्तीची मुदत संपली, लंडनचा अभ्यास अर्धा टाकून 1917 मध्ये त्यांना परत यावं लागलं. करारानुसार बडोद्यात नोकरीला गेले, तर राहायला कुणी जागा देईना. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी दहा-बारा पारशी काठ्या घेऊन दारात उभे राहिले. दोन ओळखीच्या माणसांकडे आसरा मागितला, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही टाळलं. मग स्टेशनाजवळच्या बागेत गाडीची वेळ होईपर्यंत बसून राहिले. हे सगळं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे.

तीन वर्षांनी, 1920 च्या जुलैमध्ये, ते पुन्हा लंडनला निघाले. सिडनहॅम कॉलेजातल्या प्राध्यापकीतून साठवलेले पैसे होते, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत होती, आणि पाच हजार रुपये उसने दिले होते नवल भथेना यांनी. काठ्या घेऊन येणारेही पारशी आणि पाच हजार देणाराही पारशी. एवढ्यावरून तरी आपण "अमुक लोक असे असतात" म्हणणं सोडायला हवं, पण ते असो. लंडनहून त्यांनी भथेनांकडे आणखी पैसे मागितले, तुम्हाला किती त्रास देतोय म्हणून ओशाळून पत्र लिहिलं. त्या काळात रुपयाचा भाव घसरत होता, आणि ते प्रबंध लिहीत होते तो रुपयाच्याच प्रश्नावर! 1923 मध्ये बॅरिस्टर होऊन मुंबईला आले, तर वकिलीची सनद घ्यायला पैसे नाहीत. तेव्हाही भथेनाच उपयोगी पडले.

वर्गाला हे आवडलं. घरी येताना मात्र मला बाजीची आठवण येत राहिली.

नाव लिहीत नाही, तिच्या घरच्यांना ते आवडणार नाही. माझ्यापेक्षा एक वर्षाने मोठी, म्हणून मी तिला बाजी म्हणायचे. औरंगाबादच्या विद्यापीठात, म्हणजे बाबासाहेबांच्याच नावाच्या विद्यापीठात, आम्ही वसतिगृहात एका खोलीत होतो. तिचं एम.एस्सी., माझं एम.ए. सुट्टी संपली की मी देवणीहून उदगीरला यायचे, तिथून रेल्वे. परळीला ती चढायची, हातात भाकऱ्यांचं फडकं आणि लसणाची चटणी. परभणी येईपर्यंत ते संपलेलं असायचं. रात्री ती रसायनशास्त्राचं पुस्तक उघडून बसली की दिवा बंद करू द्यायची नाही, त्यावरून आमची भांडणं व्हायची. फज्रला मात्र तीच उठवायची, तेही पाणी शिंपडून.

2003 साली तिला जर्मनीतल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला. तिथल्या सरकारी विद्यापीठात फी जवळजवळ नसते, पण वर्षभराचा राहण्या-खाण्याचा खर्च आधी बँकेत दाखवावा लागतो. तिचे अब्बा शिंपीकाम करायचे. बँकेचं कर्ज म्हणजे व्याज, ते त्यांना मान्य नव्हतं. त्यांच्याशी कुणी वाद घातला नाही. अल्पसंख्याक मुलांच्या परदेशातल्या शिक्षणासाठी कर्जावरचं व्याज सरकारने भरायची 'पढो परदेश' योजना त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली, आणि 2022-23 पासून बंदही झाली.

मग क़र्ज़-ए-हसना मागणं आलं, बिनव्याजी. बाजीने यादी केली. मामू, खाला, दोन प्राध्यापक, एक दुकानदार. त्या यादीत मीही होते. माझ्या लग्नासाठी अम्मीने करून ठेवलेले कंगन तिला माहीत होते. ते गहाण न ठेवता विकायचे आणि चार वर्षांत तेवढंच सोनं परत, असं ती म्हणाली. लिहून देते, दोन साक्षीदार घेऊ. कर्ज लिहून ठेवा हे कुरआनात सांगितलंच आहे, सूरह बकराची ती आयत कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे, हेही तिनेच मला सांगितलं.

मी म्हटलं, "अम्मीला विचारते."

विचारलं नाही. देवणीला आले, आठ दिवस राहिले, कंगन कपाटात कुठे आहेत ते बघितलं आणि परत गेले. बाजीने एकदाच विचारलं. मी म्हटलं, अम्मी नाही म्हणाली. अम्मी मरहूम झाल्या, अल्लाह त्यांची मगफिरत करो. तो नकार आजही त्यांच्याच नावावर आहे.

ती गेली. पैसे कसे जमले ते मी विचारलं नाही. तिथे कॅन्टीनमध्ये भांडी घासली, मग पाण्याच्या तपासणीच्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली. दोन-तीन वर्षांनी यायची, प्रत्येक वेळी देवणीला चक्कर. माझ्या मुलीला चित्रांची पुस्तकं, माझ्यासाठी शाईचं पेन. एकदा जेवताना माझ्या हातातल्या कंगनांकडे बघून म्हणाली, "छान दिसतात गं. सांभाळ." त्यात टोमणा होता का, हे मी कितीतरी दिवस शोधत राहिले. नव्हता. ती तशी नव्हती.

आपल्याकडे लग्नासाठी उसने मागितले तर लोक रात्रीतून गोळा करून आणतात. मुलीच्या शिक्षणासाठी मागितले की आधी विचारतात, "परत आली नाही तर?" मीही मनात तेच विचारलं होतं, आणि मी तर तिची मैत्रीण होते, शिकलेली होते.

दोन वर्षांपूर्वी ती तिकडेच गेली. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. तिथल्याच कब्रस्तानात दफन झालं. चार दिवसांनी तिच्या भावाचा फोन आला. वारसांनी मालमत्तेला हात लावण्याआधी मय्यताचं कर्ज फेडायचं असतं, म्हणून तो एकेकाला विचारत होता. तिची जुनी वही त्याला सापडली होती. मामू, खाला, प्राध्यापक, दुकानदार, सगळ्यांच्या नावापुढे रक्कम, तारीख आणि परतफेडीची सही. 2007 च्या आत सगळं फिटलेलं.

"आपा, तुमचं नावही आहे," तो म्हणाला. "पण पुढे काहीच लिहिलेलं नाही. रक्कम नाही, सही नाही. तुमचं काही येणं राहिलं असेल तर संकोच करू नका. आम्ही देऊ."

मी म्हटलं, "नाही भाऊ. माझं तिच्याकडे काही येणं नाही."

"नक्की ना?" त्याने दोनदा विचारलं. मग आभार मानले आणि तिच्यासाठी दुआ करायला सांगितली.