स्वमग्न बालकांची निद्रा : अभ्यंगापूर्वी स्पर्शाचा विचार

चरकाचार्यांनी आहार व ब्रह्मचर्यासमवेत निद्रेस उपस्तंभ मानले आणि निद्रानाशात अभ्यंग सांगितला. परंतु स्वमग्न बालक चिकित्सेस आले की आपल्यापैकी काहीजण तत्काळ शिरोधारा लिहून देतात, हे मला उचित वाटत नाही. यांतील अनेक बालकांना स्पर्श वा तेलाचा गंधच असह्य असतो. बळेच धरून केलेल्या अभ्यंगाने निद्रा कशी येणार? प्रथम मलावष्टंभ, घोरणे, अपस्मार यांविषयी पालकांना विचारावे. बालकास रुचल्यास ठरलेल्या वेळी, नेहमीच्याच व्यक्तीकडून कोमट तिळतेलाचा पादाभ्यंग करवावा. बालरोगतज्ज्ञांनी मेलाटोनिन दिले असल्यास ते परस्पर बंद करू नये. पारदयुक्त रसकल्प मात्र, ज्यास आपला त्रास शब्दांत सांगता येत नाही अशा बालकास, मी कदापि देत नाही.