परदेशच्या लिलावांतील जुनी मोटार

आमच्याकडे येणाऱ्या पत्रांतून हल्लीं एक प्रश्न वारंवार डोकावूं लागला आहे. घरांतील एखादा कर्ता तरुण सांगतो कीं, जपानांत चार-पांच वर्षें वापरलेल्या उत्तम मोटारी लिलावांत अल्प मोलानें विकल्या जातात. एक मध्यस्थ आपल्या वतीनें बोली लावून ती गाडी थेट दाराशीं आणून देण्यास तयार आहे. मात्र अर्धी रक्कम आगाऊ पाठविली पाहिजे. वडील माणसें कचरतात, तरुण हिरमुसतात, आणि सामाईक ठेवीला हात लावावा कीं नाहीं यावर घरांत दोन तट पडतात. आमच्या परतूर तालुक्यांतील एका कुटुंबांत तर ही ठेव म्हणजे घरच्या मुलीच्या उच्च शिक्षणासाठीं राखून ठेवलेली रक्कम होती. तेव्हां या विषयाचा थोडा सविस्तर विचार करणें आम्हांस कर्तव्य वाटतें.

लिलाव हा शब्द आपल्या भाषेंत पोर्तुगीजांकडून आला. परंतु तो व्यवहार आपणांस परका नाहीं. आमच्या मोंढ्यांत शेतकरी आपला माल आडत्याच्या दुकानापुढें ओततो, व्यापारी मूठभर दाणे हातांत घेऊन पाहतात, एखादा दाणा दांताखालीं धरून ओल जोखतात, आणि मग बोली लागते. माल सर्वांच्या डोळ्यांपुढें, आडत्या ओळखीचा, आणि तंटा झालाच तर तो सोडविणारीं चार माणसें तेथेंच हजर. जपानांतील मोटारींच्या लिलावांत दूरच्या गिऱ्हाइकाला यांतील एकही सोय नसते.

त्या देशांत नव्या मोटारीची सरकारी तपासणी पहिल्या तीन वर्षांनीं व पुढें दर दोन वर्षांनीं करावी लागते. तिला ‘शाकेन’ म्हणतात. तिचा खर्च पुष्कळ असल्यामुळें ती तिथि जवळ आली कीं अनेक लोक चांगली चालती गाडीहि विकून टाकतात. अशा गाड्यांचे प्रचंड बाजार भरतात. १९८० सालीं स्थापन झालेली ‘यूएसएस’ ही त्या धंद्यांतील अग्रेसर संस्था होय. टोकियोजवळील नोदा येथें तिचा बाजार गुरुवारीं भरतो. एकेका गाडीची बोली डोळ्याचें पातें लवावें तशी उरकते. बोली लावण्याचा अधिकार नोंदलेल्या सभासद व्यापाऱ्यांनाच असतो. परक्या गिऱ्हाइकाला तेथें प्रवेश नाहीं. म्हणून मध्यस्थाची गरज पडते, आणि त्याचेच डोळे ते आपले डोळे होतात.

प्रत्येक गाडीबरोबर एक परीक्षापत्रक असतें. त्यावर पांच, साडेचार, चार, साडेतीन असे गुण दिलेले असतात. गुणांच्या जागीं ‘आर’ किंवा ‘आरए’ हीं अक्षरें दिसलीं, तर अपघातामुळें गाडीची दुरुस्ती झालेली आहे असें समजावें. खालीं गाडीची आकृति काढून तिच्यावर खुणा केलेल्या असतात: ‘ए’ म्हणजे ओरखडा, ‘यू’ म्हणजे पोंचा, ‘डब्ल्यू’ म्हणजे दुरुस्तीची निशाणी, ‘एस’ म्हणजे गंज, आणि ‘एक्सएक्स’ म्हणजे बदललेला पत्रा. शाळेंतील प्रगतिपुस्तकासारखाच हा प्रकार आहे. प्रगतिपुस्तकावरील आकडा घरीं पोंचेपर्यंत कसा बदलूं शकतो, हें आम्हां शिक्षकांस नव्यानें सांगावयास नको. म्हणून मध्यस्थानें करून दिलेल्या भाषांतरावर न विसंबतां मूळ जपानी पत्रकाची प्रत मागावी, आणि ती तिऱ्हाइताकडून वाचवून घ्यावी.

हा धंदा सर्वस्वीं लबाडीचा आहे, असें मात्र कोणी समजूं नये. केनिया, टांझानिया, मॉरिशस, न्यूझीलंड इत्यादि देशांत आपल्याप्रमाणेंच रस्त्याच्या डाव्या बाजूनें वाहतूक चालते, आणि तेथें अशा गाड्या वर्षानुवर्षें उतरत आहेत. न्यूझीलंडनें १९९८ सालीं मोटारींवरील आयात-जकात काढून टाकली. केनियांत आठ वर्षांहून जुनी गाडी येऊं देत नाहींत, व जहाजावर चढविण्यापूर्वीं तिची तपासणी करवितात. आपल्यांतील जीं कुटुंबें नैरोबीस किंवा ऑक्लंडास स्थायिक झालीं आहेत, त्यांच्या दारांत अशी मोटार असणें ही नवलाची गोष्ट नव्हे. सुटींत आलेले भाचे-पुतणे जें सांगतात तें खरेंच असतें. घोटाळा होतो तो तिकडचा नियम इकडे लागू करण्यांत.

आपल्या देशाचा नियम निराळा आहे. वापरलेली मोटार आणावयाची तर ती बनल्यापासून तीन वर्षांहून जुनी असतां कामा नये. तिचें सुकाणूचक्र उजव्या बाजूस हवें. पुढें निदान पांच वर्षें ती रस्त्यावर चालण्यायोग्य राहील अशी हमी हवी. आणि ती केवळ मुंबई बंदरांतच उतरविली पाहिजे. पहिल्या अटीनेंच चार-पांच वर्षांच्या गाडीची गोष्ट संपते! आतां तीन वर्षांच्या आंतील गाडी घेतली असें धरूं. जकातीची आकारणी नुसत्या बोलीच्या रकमेवर होत नाहीं. जहाजाचें भाडें व विमा तींत मिळवून होते. वापरलेल्या गाडीवर जकात व इतर कर मिळून जी रक्कम होते, ती त्या किमतीलाहि मागें टाकते. म्हणजे सहा लाखांस पडलेली गाडी बंदराबाहेर येईपर्यंत बारा लाखांच्या वर जाते. स्वस्ताई कोठें राहिली? १९४८ पूर्वीं परतूर निजामाच्या राज्यांत असतांना बाहेरच्या मालावर करोडगिरी भरावी लागे. जकात धरल्यावांचून भाव ठरवूं नये, हें त्या काळच्या आमच्या व्यापाऱ्यांस पक्कें ठाऊक होतें.

नियमाबाहेरची गाडी आणलीच, तर १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याखालीं ती जप्त होऊं शकते व दंडहि बसूं शकतो. तो भुर्दंड माल आणविणाऱ्याच्या माथीं येतो. आगाऊ रक्कम घेऊन बसलेल्या मध्यस्थाला त्याची झळ लागत नाहीं.

आपल्या स्मृतिकारांनीं या गोष्टीचा विचार किती बारकाईनें केला होता, हें पाहण्यासारखें आहे. विकत घेतलेली वस्तु पारखण्यास याज्ञवल्क्यानें मुदती नेमून दिल्या आहेत: बियाण्यास दहा दिवस, लोखंडास एक, रत्नांस सात, आणि ओझें वाहणाऱ्या जनावरास पांच. बैल पांच दिवस जुंपून पाहावा, मग घ्यावा! समुद्रापलीकडच्या वाहनाला पांच पळेंहि जुंपून पाहतां येत नाहीं, हा या व्यवहारांतील मूळचा दोष आहे. आधुनिक कायदाहि गिऱ्हाइकास अगदींच वाऱ्यावर सोडीत नाहीं. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणें मध्यस्थानें धन्याच्या सूचनेबरहुकूम वागलें पाहिजे, मागतांक्षणीं हिशेब दिला पाहिजे, आणि धन्याच्या नकळत स्वतःचाच माल त्याच्या गळ्यांत बांधला तर त्यांतील नफा धन्यास मागतां येतो. परंतु मध्यस्थ योकोहामास आणि दावा आमच्या तालुक्याच्या कोर्टांत, अशी स्थिति असतां हक्क असणें व तो बजावतां येणें यांत खरोखरच समुद्राएवढें अंतर पडतें.

तेव्हां आमचा अभिप्राय असा. ज्यांचे आप्त नैरोबीस वा ऑक्लंडास राहतात, त्यांनीं त्यांस एवढें अवश्य कळवावें: बोलीची कमाल मर्यादा लेखी द्यावी, बोलीची रक्कम, मध्यस्थाचें मेहनताना आणि जहाजाचें भाडें हीं तिन्ही निरनिराळीं लिहून घ्यावीं, बोली न लागल्यास अनामत परत मिळेल काय हें आधींच विचारावें, आणि पैसे पेढीच्या खात्यावर भरावे, कोणा व्यक्तीच्या खासगी खात्यावर भरूं नयेत. ज्यांस परतुरांत किंवा जालन्यास गाडी हवी आहे, त्यांनीं मात्र या भानगडींत पडूं नये. आपल्याच जिल्ह्यांतील, एमएच-२१ या क्रमांकाची वापरलेली गाडी पाहावी. ओळखीच्या मिस्त्रीला बरोबर न्यावें. नोंदणीपुस्तकावर पेढीच्या कर्जाचा बोजा नाहीं याची खात्री करावी. आणि नमुना २९ व ३० भरून मालकी आपल्या नांवावर चढल्याशिवाय व्यवहार पुरा झाला असें मानूं नये.

शेवटीं वडील मंडळींस एक विनंति. तरुणास नुसतें ‘नाहीं’ म्हणून गप्प बसवूं नका. कागद-पेन्सिल देऊन त्यालाच किंमत, भाडें, विमा, जकात व कर यांची बेरीज करूं द्या, आणि रात्रीच्या जेवणानंतर ती सर्वांपुढें वाचावयास सांगा. बेरीज पुरी होण्याच्या आधींच मुलीच्या शिक्षणाची ठेव जागच्या जागीं राहील, आणि मुलाच्या मनांत अढीहि उरणार नाहीं.